उच्च शिक्षणाचा खर्च : कोणी भरावा, कोणाला फळावा?



आजचा विषय रुक्ष आहे. अंदाजपत्रक, अनुदान, राष्ट्रीय उत्पन्न हे शब्द कानी पडले की पुष्कळांना घराची आठवण होते. तरीही आपण एवढ्या संख्येने येऊन बसला आहात, याचे श्रेय वक्त्याला नाही, विषयाला आहे. कोणाचा मुलगा यंदा बारावीला बसला आहे, कोणी मुलीच्या फीसाठी दागिना गहाण टाकला आहे, कोणी स्वतः प्राध्यापक आहे. आणि कर तर आपण सारेच भरतो. आपण कर भरतो हे ज्याला ठाऊकही नाही, तोसुद्धा साबणाची वडी घेताना सरकारच्या खजिन्यात आपला वाटा टाकून येतो.

तेव्हा प्रश्न असा की, या साऱ्यांच्या पैशातून मूठभरांच्या उच्च शिक्षणावर सरकारने खर्च करावा काय? आणि केला, तर त्याने देशाची संपत्ती वाढते काय?

हा प्रश्न आपल्याकडे आजकाल निघालेला नाही. 1882 साली हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला, तेव्हा त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन ठेवले. त्यातला मुद्दा थोडक्यात असा होता : सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामातून येतो. त्या पैशातून सरकार वरिष्ठ वर्गांच्या मुलांना वरचे शिक्षण देते. ते शिकतात, नोकऱ्या मिळवतात, सुखी होतात. पण ज्याच्या पैशावर ते शिकले त्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडते? त्याच्या गावात साधी प्राथमिक शाळाही नाही. म्हणून आधी खालच्या शिक्षणाकडे पाहा, असे त्यांचे मागणे होते.

आमचे असे मत आहे की, उच्च शिक्षणाचा कैवार घेणाऱ्या माणसाने या निवेदनाला वळसा घालून पुढे जाऊ नये. आम्ही स्वतः त्या कैवाऱ्यांपैकीच आहोत, आणि सरकारी पैशावर शिकलेल्यांपैकीही आहोत. म्हणूनच हे कर्ज आधी मान्य करतो आणि मग बोलतो. जोतीरावांचा प्रश्न हीच या खर्चाची खरी कसोटी आहे. महाविद्यालयात ज्याने पाऊल टाकले नाही, त्याला त्या महाविद्यालयाचे फळ मिळाले काय? मिळाले असेल तर खर्च न्याय्य. नसेल तर त्याला कितीही गोंडस नाव द्या, तो एकाच्या ताटातला घास काढून दुसऱ्याच्या ताटात वाढण्याचा प्रकार होय.

आता अर्थशास्त्राकडे वळू. जमीन, श्रम आणि भांडवल यांच्या योगाने संपत्ती निर्माण होते, हे आपण शाळेत शिकलो. भांडवल वाढवा, यंत्रे वाढवा, की उत्पन्न वाढेल, असा सरळ हिशेब होता. 1957 साली रॉबर्ट सोलो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने आपल्या देशाच्या 1909 ते 1949 या चाळीस वर्षांचा ताळा पाहिला. या काळात तेथे कामाच्या दर तासामागे होणारे उत्पादन दुपटीवर गेले होते. त्यातली किती वाढ वाढीव भांडवलामुळे झाली हे पाहू जाता जेमतेम आठवा हिस्सा त्या खाती पडला. बाकीचे सात हिस्से कोठून आले? तंत्र सुधारले, पद्धती सुधारल्या, माणसे अधिक जाणती झाली. त्या सगळ्याला मिळून त्याने तांत्रिक बदल हे नाव दिले. तात्पर्य, डोक्यात जे वाढले त्याने तिजोरीत वाढलेल्यावर मात केली.

पाठोपाठ 1960 साली थिओडोर शुल्ट्झ यांनी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांच्या परिषदेच्या अध्यक्षपदावरून असे सांगितले की, माणसाच्या शिक्षणावर होणारा खर्च ही चैन नव्हे, ती गुंतवणूक आहे. शुल्ट्झ हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेले, आणि ज्या विद्यालयांची हकीकत आम्ही आता सांगणार आहोत त्यांपैकीच एका सरकारी विद्यालयात शिकलेले गृहस्थ होते. पुढे 1979 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ती हकीकत अशी. 1862 साली अमेरिकेत यादवी युद्ध ऐन भरात होते. त्या धामधुमीत अध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल यांच्या विधेयकावर सही केली. केंद्राच्या कायदेमंडळात ज्या राज्याचे जितके प्रतिनिधी, त्या प्रत्येकामागे 30,000 एकर सरकारी जमीन त्या राज्याला द्यावी, आणि ती विकून आलेल्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये चालवावी, अशी ती योजना होती. यातली पुष्कळ जमीन तेथल्या मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती, हेही सांगितले पाहिजे. पैसा एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, ही जोतीरावांची तक्रार तिकडेही लागू पडते.

1887 साली या महाविद्यालयांना प्रयोगक्षेत्रे जोडण्यात आली. 1914 साली आणखी एक कायदा झाला आणि तेथले ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचवणारी माणसे सरकारी खर्चाने नेमली गेली. म्हणजे शिकवणे, शोधणे आणि पोहोचवणे अशी तीन पायांची तिवई तयार झाली. ती व्हायला 52 वर्षे लागली, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

या तिवईवर काय शिजले? एकच उदाहरण मक्याचे घेऊ. संकरित मक्याची व्यवहारात उतरणारी युक्ती 1920 च्या आधीच कनेटिकट राज्याच्या सरकारी प्रयोगक्षेत्रावर निघाली. मग निरनिराळ्या राज्यांतील संशोधकांनी आपापल्या हवामानाला जुळणारे वाण काढले. आयोवा राज्यात 1930 नंतरच्या दशकात हे बी असे पसरले की, अवघ्या चार-पाच वर्षांत शंभरातल्या दहा शेतकऱ्यांवरून आकडा नव्वदांवर गेला. 1930 च्या सुमारास त्या देशात मक्याचे उत्पन्न एकरी 25 बुशेलांच्या घरात होते. आज ते 170 बुशेलांच्या वर आहे. यात खतांचा आणि यंत्रांचाही मोठा वाटा आहे, सारे श्रेय बियाण्याचे नव्हे. तरीही 1958 साली झ्वी ग्रिलिकेस यांनी संकरित मक्याच्या संशोधनावरचा सरकारी व खासगी खर्च आणि समाजाला झालेला लाभ यांचा हिशेब केला, तेव्हा परतावा दरसाल शेकडा 700 असा निघाला. हा आकडा यशस्वी झालेल्या संशोधनाचा आहे, फसलेल्या प्रयोगांचा खर्च यात धरलेला नाही, असे त्यांनीच बजावून ठेवले आहे. सावकारी व्याजाचे दर ऐकून आपण कानांवर हात ठेवतो. पण येथे ते व्याज मिळाले कोणाला? ज्यांनी कधी महाविद्यालयाची पायरी चढली नव्हती अशा शेतकऱ्यांना, आणि त्यांचे धान्य खाणाऱ्या सर्वांना.

कोणी म्हणेल, अमेरिकेच्या गोष्टी अमेरिकेत शोभतात. ठीक आहे. आपण सोलापूर जिल्ह्यात जाऊ.

सांगोल्याच्या माळावर पूर्वी काय होते, हे तिकडच्या माणसांना विचारावे. पाऊस कमी, जमीन हलकी, पीक बेभरवशाचे. त्याच भागाला पुढे डाळिंबाने हात दिला. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आज देशात डाळिंबाच्या उत्पादनात महाराष्ट्र पहिला आहे. हे झाड तेथे कसे रुजले याचा माग काढत गेलो की आपण पुण्याला गणेशखिंडीतल्या सरकारी फळसंशोधन केंद्रात येऊन पोहोचतो. तेथे 1936 साली डॉ. चीमा यांनी आळंदी नावाच्या जुन्या वाणाच्या झाडांतून निवड करून एक चांगले झाड वेगळे काढले. हेच पुढे ‘गणेश’ या नावाने ओळखले गेले. 1968 साली महाराष्ट्रात कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे राहुरीच्या विद्यापीठाने डाळिंबावर आणखी काम केले, आणि या शतकाच्या आरंभी तेथून ‘भगवा’ हा वाण बाहेर पडला. रंगाने लालभडक, सालीने जाड, लांबच्या प्रवासाला टिकणारा. आज बाजारात आपण जे डाळिंब घेतो ते बहुधा हेच असते.

आणि या राहुरीच्या विद्यापीठाचे नाव काय? महात्मा फुले कृषी विद्यापीठ! 1882 साली विचारलेल्या प्रश्नाचे निदान एक उत्तर त्यांचेच नाव घेतलेल्या संस्थेने द्यावे, हा योगायोग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

येथे थोडे थांबून कारण पाहिले पाहिजे. हे काम एखाद्या व्यापाऱ्याने का केले नाही? व्यापारी मूर्ख असतो म्हणून नव्हे. डाळिंबाच्या फांदीला गुटी बांधली की नवे रोप तयार होते. एका शेतकऱ्याने चांगला वाण नेला की शेजारी त्याच्याकडून गुटी नेतो, त्याच्याकडून त्याचा मेहुणा नेतो. दहा वर्षांत वाण जिल्हाभर होतो आणि मूळ शोधणाऱ्याच्या हाती दमडी पडत नाही. जेथे फळ कुंपणाबाहेर जाते, तेथे खासगी पैसा येत नाही. आणि समाजाचे खरे कल्याण तर फळ कुंपणाबाहेर जाण्यातच असते. म्हणून तेथे सर्वांचा पैसा, म्हणजे सरकारचा पैसा, लागतो.

दुसरी गोष्ट काळाची. 1936 साली निवडलेल्या झाडाने दुष्काळी तालुक्यांचे रूप पालटायला अर्धे शतक लागले. सरकार पाच वर्षांचे, अंदाजपत्रक एका वर्षाचे, आणि उच्च शिक्षणाचे फळ एका पिढीने येणारे. हा मेळ बसत नाही, आणि आपल्या बहुतेक अडचणींचे मूळ यातच आहे. काटकसर करावयाची तर कोठे करावी? रस्ता खचला तर लोक चार दिवसांत ओरडतात. संशोधकाची जागा दहा वर्षे रिकामी राहिली तर कोणी ओरडत नाही, कारण जो शोध लागलाच नाही त्याची तक्रार कोण करणार?

आता दुसरी बाजू पाहू, नाहीतर आम्ही वकिली केली असे होईल. महाविद्यालये काढली आणि पदव्या वाटल्या की देश आपोआप श्रीमंत होतो, असे मुळीच नाही. पदवी हातात घेऊन नोकरीसाठी वणवण फिरणारा तरुण आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. डाळिंबाच्या गोष्टीतही एकटे विद्यापीठ पुरे पडले नाही. 1990 साली राज्य सरकारने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड दिली. ठिबक सिंचन आले, रस्ते आले, बाजारपेठ आली. ज्ञान हे विरजण आहे. विरजणाशिवाय दही लागत नाही हे खरे; पण दूधच नसेल तर नुसते विरजण घेऊन काय करावयाचे? कारखाने, पाणी, वीज, कर्ज यांची व्यवस्था नसलेल्या प्रदेशात पदवीधर निर्माण केले की ते गाव सोडून जातात, आणि त्यांच्या शिक्षणाचे फळ दुसरेच कोणी खाते.

याच तर्कावर बोट ठेवून एक मोठा विचारप्रवाह पुढे आला. प्राथमिक शिक्षणाचा समाजाला लाभ अधिक, उच्च शिक्षणाचा लाभ मुख्यतः त्या विद्यार्थ्याला. तेव्हा त्याचा खर्च त्यानेच सोसावा, असे जागतिक बँकेचे अर्थशास्त्रज्ञ सांगू लागले. आपल्या केंद्रीय अर्थखात्याने 1997 साली अनुदानांविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. त्यात प्राथमिक शिक्षण हे अनुदानास पात्र असलेल्या गोष्टींत घातले आणि उच्च शिक्षण अपात्र गोष्टींत. पुढे 2000 साली जागतिक बँक आणि युनेस्को यांनी नेमलेल्या अभ्यासगटाने मात्र कबूल केले की, हा जुना हिशेब अपुरा होता. त्यात पदवीधराचा वाढलेला पगार मोजला होता. संशोधनाचा, चांगल्या शिक्षकांचा, जाणत्या प्रशासनाचा समाजाला होणारा लाभ मोजलाच नव्हता. म्हणजे कुंपणाच्या आतली फळे मोजली आणि बाहेर पडलेली तशीच सोडली! शिवाय प्राथमिक शाळेचा शिक्षक तरी कोठे तयार होतो? खालचे शिक्षण आणि वरचे शिक्षण यांना सवती मानणे हीच चूक होती.

महाराष्ट्राने 1983 साली आपला स्वतःचा मार्ग काढला. विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास खासगी संस्थांना परवानगी मिळाली. या धोरणाला नुसती नावे ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. सरकारी जागा तुटपुंज्या होत्या, मुले परराज्यांत जात होती. या महाविद्यालयांनी हजारो अभियंते तयार केले, आणि पुण्याच्या संगणक-उद्योगाच्या वाढीला त्यांचा हातभार लागला, हे कोणीही मान्य करील. परंतु या मार्गाची मर्यादाही दिसून आली आहे. ज्याने चार वर्षांची फी कर्ज काढून भरली, तो हप्ते फेडणारी नोकरीच शोधणार. तो कीटकांचा अभ्यास करणार नाही, मातीचा करणार नाही, संख्याशास्त्राच्या मुळाशी जाणार नाही. आणि ज्या संस्थेचा सारा खर्च फीवर चालतो, ती फी आणणारेच वर्ग काढणार. मागणी उतरली तेव्हा यांतल्या अनेक महाविद्यालयांतील जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. बाजार ज्याला किंमत देतो ते तो निर्माण करतो. त्याला आपण दोष देत नाही. पण बाजार ज्याला किंमत देऊ शकत नाही आणि समाजाचे ज्यावाचून अडते, त्याची सोय कोणी लावावयाची?

याच ठिकाणी आजची खरी चिंता आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा 6 खर्च व्हावा, अशी शिफारस कोठारी आयोगाने 1966 साली केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच मुलखातले. 2020 सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हाच आकडा पुन्हा लिहिला. मधल्या 54 वर्षांत तो एकदाही गाठला गेला नाही. इकडे आपल्या राज्यातील महाविद्यालयांत आणि कृषी विद्यापीठांत मंजूर जागांपैकी पुष्कळशा कित्येक वर्षे रिकाम्या राहत आल्या आहेत. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मोलाने, शिकवणारे तरुण अध्यापक सकाळी एका गावी आणि दुपारी दुसऱ्या गावी धावतात. पुढच्या वर्षी आपण असू की नसू हे ज्याला ठाऊक नाही, तो वीस वर्षांनी फळणाऱ्या झाडाची निवड कशी करणार?

हा प्रश्न केवळ अध्यापकांच्या पोटाचा नाही. डाळिंबावर तेल्या आला तेव्हा बागाच्या बागा गेल्या. 2005 साली सोलापुरात केंद्र सरकारचे डाळिंब संशोधन केंद्र निघाले, हे योग्यच झाले. त्यानंतर मर रोग आला, खोडाला छिद्रे पाडणारी कीड आली, आणि अलीकडे सांगोल्याकडच्या कितीतरी शेतकऱ्यांनी आपल्या हातांनी लावलेली झाडे आपल्याच हातांनी उपटून टाकली. ज्ञानाचा कारखाना एकदा बांधून कुलूप लावता येत नाही. निसर्ग नवे प्रश्न विचारीत राहतो, आणि उत्तर देणाऱ्या खुर्च्या रिकाम्या असल्या की त्याची किंमत माळावरचा शेतकरी मोजतो. म्हणजे जोतीरावांच्या काळी खर्च केल्याने रयतेवर अन्याय होत होता. आज न केल्यानेही तो तिच्यावरच होत आहे.

मग करावे काय? आम्ही तीनच गोष्टी सुचवतो.

पहिली : ज्या विद्येचे फळ कुंपणाबाहेर जाते तिच्यावर सरकारने हात आखडता घेऊ नये. शेती, सार्वजनिक आरोग्य, मूलविज्ञान, शिक्षकांचे शिक्षण, आपल्या समाजाचा, भाषेचा व इतिहासाचा अभ्यास, ही खाती त्यात येतात. ज्या पदवीने पदवीधराचाच खिसा भरतो, तेथे ऐपत असलेल्याकडून फी जरूर घ्यावी.

दुसरी : ऐपत नसलेल्या हुशार मुलाला पुरी शिष्यवृत्ती, आणि तीही वेळेवर द्यावी. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी एका तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. त्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर. त्या अर्थशास्त्रज्ञाने पुढे रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, व्हाइसरॉयच्या मंडळात असताना मजुरांच्या, पाण्याच्या आणि विजेच्या धोरणाची उभारणी केली, आणि देशाच्या राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला. त्या साडेअकरा पौंडांवरचा परतावा कोणत्या खतावणीत मांडावा? प्रत्येक शिष्यवृत्तीतून आंबेडकर निपजत नाहीत, हे कळते. पण कोणत्या मुलातून निपजतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून तर दार सर्वांना उघडे ठेवावयाचे.

तिसरी : रिकाम्या जागा कायम स्वरूपात भराव्या, आणि मग विद्यापीठांकडून कडक हिशेब घ्यावा. निकाल किती टक्के लागला हा तो हिशेब नव्हे. दर दहा वर्षांनी प्रत्येक विद्यापीठाने आपल्या जिल्ह्यांतल्या लोकांपुढे उभे राहून सांगावे : जे आमच्याकडे कधी शिकायला आले नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही काय केले. ज्यांना सांगण्यासारखे काही नसेल, त्यांना अनुदान मागताना संकोच वाटला पाहिजे. हे आम्ही आमच्याच व्यवसायबंधूंना उद्देशून म्हणत आहोत.

श्रोतेहो, उच्च शिक्षणाने देशाची संपत्ती वाढते काय, या प्रश्नाचे आमचे उत्तर आता देतो. वाढते, पण उशिरा वाढते, आणि त्याचे फळ बाहेर जाऊ दिले तरच वाढते. सरकारने ते पेरावे, समाजाने धीर धरावा, आणि शिकलेल्याने फेड करावी. या सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी पुष्कळजण कोणा ना कोणा अनोळखी माणसाच्या पैशावर शिकले आहेत. आज घरी जाताना त्या माणसाची एकदा आठवण करावी, एवढी विनंती.